चार अनुबंध : प्रोग्रामरांच्या संवादभूमीतील विषयनिष्ठा आणि आत्मनिवेदन

१

संस्कृतातील शास्त्रग्रंथांच्या आरंभी चार गोष्टींचे निवेदन करण्याचा संकेत होता. ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, विषयाशी ग्रंथाचा संबंध कोणत्या प्रकारचा आणि ग्रंथ वाचण्यास अधिकारी कोण, हे ते चार अनुबंध. ग्रंथकाराची कीर्ती वा त्याचे पूर्वीचे कर्तृत्व यांना या चारांत स्थान नाही. काव्यपरंपरेत कवी स्वतःविषयी बोलतो. परंतु तेथेही त्याचे बोलणे संकेतबद्ध असते. रघुवंशाच्या आरंभी कालिदास आपल्या अल्पमतीची कबुली देतो, गीतार्थाच्या सागरापुढे ज्ञानेश्वर स्वतःला टिटवीच्या जागी ठेवतात आणि अभंगकर्ता रचनेच्या शेवटी आपली नाममुद्रा उमटवतो. 'स्व'चा उल्लेख करावा की न करावा यापेक्षा तो कोठे, किती आणि कोणत्या रूपात करावा, हा या परंपरेपुढील प्रश्न होता. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ज्या औचित्याची चर्चा केली त्याच्याच कक्षेत तो येतो.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत संगणकाच्या प्रोग्रामरांनी परस्परांशी लिहून बोलण्याची जी भूमी निर्माण केली, तेथे हाच प्रश्न अगदी वेगळ्या परिस्थितीत उभा राहिला. आपण रचलेल्या आज्ञावलीची वार्ता इतरांना द्यावी कशी? ती वार्ता कोणत्या क्षणी जाहिरात ठरते? चर्चेचा विषय कोणी ठरवावा आणि विषयांतर कशाला म्हणावे? साहित्यविचाराच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व असे की, एका लेखनप्रकाराचे संकेत कसे घडत गेले याची साक्ष येथे दिवसागणिक उपलब्ध आहे. बहुतेक वाङ्मयप्रकारांच्या बाबतीत हे भाग्य इतिहासकाराच्या वाट्याला येत नाही.

प्रोग्रामरांच्या समूहांनी आत्मस्तुती वर्ज्य मानली, असे सामान्यतः समजले जाते. प्रत्यक्ष पुरावा या समजुतीला पुरेसा दुजोरा देत नाही. या समूहांनी ज्यांना सन्मान दिला त्यांपैकी अनेकांनी स्वतःच्या कृतीची घोषणा स्वतःच केलेली दिसते. ज्यांना त्यांनी धिक्कारले त्यांचा अपराध स्वतःविषयी बोलण्याचा नव्हता, तर वाचकाला तपासता येईल असे काहीही हाती न देता त्याच्या खर्चाने बोलण्याचा होता. मात्र वाचकाचा खर्च म्हणजे काय आणि त्याचा हिशेब कोणी ठेवायचा, याची उत्तरे काळानुसार बदलत गेली. त्या बदलांचा हा आलेख आहे.

२

या इतिहासातील पहिली ठळक घटना ३ मे १९७८ ची आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतील विक्री विभागाचे गॅरी थुर्क यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या आर्पानेट या जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना एकच पत्र पाठवले. कंपनीच्या नव्या संगणकांचे प्रात्यक्षिक कॅलिफोर्नियात दोन ठिकाणी होणार होते, त्याचे ते निमंत्रण होते. ज्यांना पत्र गेले ते सर्व संगणकाशी संबंधित होते आणि नव्या यंत्रांत आर्पानेटशी जोडण्याची सोय होती. म्हणजे विषयाच्या दृष्टीने पत्र अप्रस्तुत नव्हते आणि वाचकही अधिकारी होते. आक्षेप आला तो प्रयोजनाच्या बाजूने. जाळे शासकीय कामासाठी आहे, विक्रीसाठी नाही, असे व्यवस्थापनाने स्पष्ट बजावले.

या प्रसंगी झालेली चर्चा मूळ पत्रापेक्षा अधिक बोलकी आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रिचर्ड स्टॉलमन यांनी पत्र न पाहताच त्याची बाजू घेतली. उपयुक्त वार्ता मिळाली तर बिघडले काय, असा त्यांचा सूर होता. पत्र प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांनी आपले शब्द मागे घेतले. त्याचे कारण मात्र आशयाशी निगडित नव्हते. पत्राच्या मथळ्यात शेकडो पत्त्यांची लांबलचक यादी होती आणि विषय कोणताही असो, इतका लांब मथळा असलेले पत्र पाठवण्याची मुभा कोणालाही असू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. वरवर पाहता हे मत विनोदी वाटते. परंतु औचित्याचा भंग आशयापेक्षा रूपात शोधण्याची जी प्रवृत्ती पुढे या समूहांत रुजली, तिचा हा आरंभीचा आविष्कार आहे.

आर्पानेट ही शासकीय मालमत्ता असल्याने तेथे प्रयोजनाचा निर्णय वरून येऊ शकत होता. यूजनेटची गोष्ट निराळी होती. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी तिची पहिली आज्ञावली लिहिली. जानेवारी १९८० मध्ये बोल्डर येथे युनिक्स वापरणाऱ्यांची परिषद भरली असता या जाळ्यात सहभागी होण्याचे निमंत्रण देणारे पत्रक तेथे वाटण्यात आले. ज्या भूमीवर पुढे जाहिरातीचा एवढा मोठा वाद झाला, तिची सुरुवातही एका पत्रकाने झाली होती.

यूजनेटवर एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला टेलिफोन करायचा, साठलेले लेखन घ्यायचे आणि पुढच्या यंत्राकडे सोपवायचे, अशी रीत होती. दर कमी असतात म्हणून हे बहुधा रात्री चाले. यात लिहिणाऱ्याला जवळजवळ काहीच खर्च येत नसे. टेलिफोनचे देयक आणि साठवणीची जागा हा भार लेखन स्वीकारणाऱ्या व पुढे नेणाऱ्या संस्थांवर पडे. छापील नियतकालिकात लेखकाच्या शब्दांचा खर्च संपादक आधीच मोजतो, कारण कागद त्याचा असतो. येथे कागद वाचकाचा होता आणि संपादक कोणीच नव्हता. विषयनिष्ठेचा आग्रह या विषम व्यवहारातून जन्मला आहे, हे विसरले की तो केवळ तंत्रज्ञांचा रूक्षपणा वाटू लागतो.

३

२७ सप्टेंबर १९८३ रोजी याच जाळ्यावर, युनिक्सच्या जाणकारांच्या 'नेट.युनिक्स-विझर्ड्स' या गटात, स्टॉलमन यांनी एक घोषणा केली. युनिक्सशी सुसंगत अशी संपूर्ण प्रणाली लिहून ती सर्वांना मुक्तपणे देण्याचा त्यांचा संकल्प होता आणि तिचे नाव ग्नू असे असणार होते. या निवेदनात विनयोक्तीचा मागमूस नाही. आपण कोण, हे सांगणारा स्वतंत्र भाग त्यात आहे आणि ईमॅक्स या संपादन-आज्ञावलीचे आपण जनक असल्याचे तेथे नोंदवले आहे. संगणक-उत्पादकांकडे यंत्रे व पैसा आणि व्यक्तींकडे श्रम व आज्ञावल्या मागितल्या आहेत. त्या वेळी दाखवण्याजोगी प्रणाली अस्तित्वात नव्हती. होता तो केवळ संकल्प.

आत्मप्रसिद्धीची कोणतीही कसोटी शब्दशः लावली तर हे लेखन तीत सापडते. तरीही समूहाच्या इतिहासात ते मूलग्रंथाच्या जागी आहे. याचे एक कारण आदर्शवादात शोधता येईल; परंतु दुसरे कारण लेखनाच्या रचनेतच आहे. निवेदक स्वतःविषयी जो दावा करतो त्याचा पुरावा वाचकांपैकी अनेकांच्या यंत्रावर आधीच होता. ईमॅक्स वापरून पाहिलेल्या वाचकाला जनकत्वाचा उल्लेख बढाई वाटण्याऐवजी ओळखपत्र वाटतो. या संकल्पाचे प्रयोजनही उघडपणे मांडलेले होते. मागणारा काय मागतो आहे आणि बदल्यात काय देणार आहे, याबद्दल संदिग्धता नव्हती.

स्टॉलमन यांची घोषणा झाली तेव्हा गटांची संख्या मर्यादित होती. ती वाढली तशी विषयाच्या सीमेचा प्रश्न तीव्र झाला. १९८६-८७ मध्ये गटांची सर्वंकष पुनर्रचना झाली आणि जुन्या नावांच्या जागी संगणक, विज्ञान, करमणूक, समाज, वादचर्चा, जाळ्याची व्यवस्था आणि संकीर्ण अशा सात शाखा आल्या. ही रचना वरवर ग्रंथालयातील वर्गीकरणासारखी दिसते. वस्तुतः तिच्यामागे टेलिफोनचा मोठा खर्च सोसणाऱ्या मोजक्या मध्यवर्ती यंत्रांचे व्यवस्थापक होते. अटलांटिकपलीकडे लेखन नेणे महाग होते आणि भरपूर मजकुराचे पण अल्प उपयोगाचे गट वाहून नेण्यास युरोपातील संस्था राजी नव्हत्या. असे गट एका शाखेत एकत्र केले की ती शाखा वगळणे सोपे होई. ज्ञानाच्या स्वरूपावरून जेवढ्या सीमा ठरल्या त्याहून अधिक देयक कोण भरतो यावरून ठरल्या.

या व्यवस्थेला लगेचच प्रतिव्यवस्था मिळाली. ब्रायन रीड यांच्या पाककृतींच्या गटाला पुनर्रचनेत दिलेले नाव त्यांना मान्य नव्हते. मे १९८७ मध्ये रीड, जॉन गिलमोर आणि गॉर्डन मॉफेट यांनी मध्यवर्ती यंत्रांवर अवलंबून नसलेली 'आल्ट' ही शाखा सुरू केली. मुख्य शाखांत नवा गट काढायचा तर प्रस्ताव, चर्चा आणि मतदान आवश्यक झाले. अनुकूल मते प्रतिकूल मतांहून किमान शंभरने अधिक आणि एकूण मतांच्या दोनतृतीयांश असावी लागत. 'आल्ट'मध्ये असा दंडक नव्हता. केंद्राने विषयाची सीमा आखावी आणि परिघाने तिला वळसा घालावा, हे वाङ्मयीन नियतकालिकांच्या इतिहासातील परिचित नाट्य येथेही घडले. परिघाचे मोल पुढील चार-पाच वर्षांत दिसून आले.

४

१९९१ हे वर्ष या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. त्या एका वर्षात तीन कृतींच्या वार्ता समूहापुढे आल्या आणि तिन्हींचे निवेदनरूप भिन्न आहे.

फेब्रुवारीत गिडो व्हान रोसम यांनी पायथन या भाषेची पहिली सार्वजनिक आवृत्ती 'आल्ट.सोर्सेस' या गटात ठेवली. हा गट मूळ संहितेसाठीच होता. संहितेविषयी बोलण्याऐवजी संहिताच द्यावी, हा तेथील धर्म. आज्ञावली तुकड्यातुकड्यांनी पाठवलेली असे आणि घेणाऱ्याने ती जुळवून आपल्या यंत्रावर चालवून पाहायची असे. लॅरी वॉल यांची पर्ल ही भाषा डिसेंबर १९८७ मध्ये याच रीतीने लोकांपर्यंत आली होती. या प्रकारात निवेदकाची प्रौढी आणि वाचकाची परीक्षा यांत अंतर राहत नाही. कृती वाईट असेल तर ते तासाभरात कळते.

६ ऑगस्टला टिम बर्नर्स-ली यांनी 'आल्ट.हायपरटेक्स्ट'मध्ये वर्ल्ड वाइड वेब या प्रकल्पाचा परिचय दिला. त्याचे रूप उत्तराचे होते. निरनिराळ्या ठिकाणच्या सामग्रीला जोडणारे दुवे शक्य आहेत काय, अशा आशयाची पृच्छा एका वाचकाने केली होती आणि तिच्या निमित्ताने हा परिचय आला. आत्मनिवेदनाला विषयाचे अधिष्ठान आधीच लाभलेले होते. प्रश्नकर्त्याने ते पुरवले होते.

२५ ऑगस्टला हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने 'कॉम्प.ओएस.मिनिक्स'मध्ये लिहिले. अ‍ॅमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाउम यांनी अध्यापनासाठी रचलेल्या मिनिक्स या प्रणालीचा हा गट. टॉरवाल्ड्सच्या पत्राचा मथळा स्वतःच्या कृतीविषयी नाही. मिनिक्समध्ये आपणांस सर्वाधिक काय हवे आहे, असा प्रश्न त्यात वाचकांना केला आहे. आत मात्र तो आपण एक मुक्त प्रणाली लिहीत असल्याचे सांगतो. हा केवळ छंद आहे, ग्नूसारखे मोठे व व्यावसायिक काम यातून होणार नाही, सूचना जरूर कराव्यात पण त्या अमलात येतीलच असे नाही, अशी पुस्ती तो जोडतो. रघुवंशाच्या वाचकाला ही विनयोक्ती परकी वाटणार नाही. येथे तिचे कार्य दुहेरी आहे. एक तर ती निवेदकाला विषयाच्या कुंपणात ठेवते, कारण तो यजमानाच्या घरी यजमानाच्याच वस्तूविषयी विचारणा करतो आहे. दुसरे, ती दावा इतका लहान करते की नाकारण्याजोगे काही उरत नाही. पुढच्याच महिन्यात संहिता सार्वजनिक झाली आणि ऑक्टोबरमध्ये नव्या आवृत्तीची वार्ता त्याच गटात आली.

पाहुणा आता यजमानाच्या घरात मावेनासा झाला. २९ जानेवारी १९९२ रोजी टॅननबाउम यांनी स्वतःच लिनक्स कालबाह्य असल्याचे सांगणारे लेखन केले आणि प्रणालीच्या अंतर्गत रचनेविषयीचा गाजलेला वाद सुरू झाला. टॉरवाल्ड्सचे पहिले उत्तर रागाचे होते. त्याच्या सुराबद्दल त्याने नंतर दिलगिरीही व्यक्त केली. हा वाद प्रस्तुत होता की विषयांतर होते? गटाच्या नावाकडे पाहिले तर लिनक्सला तेथे स्थान नव्हते. प्रणालींच्या रचनेचा अभ्यासक म्हणून पाहिले तर यापेक्षा प्रस्तुत चर्चा त्या गटात क्वचितच झाली असेल. या पेचाचा निकाल वादाने लागला नाही, नव्या घराने लागला. १९९२ च्या आरंभी लिनक्ससाठी 'आल्ट' शाखेत गट निघाला आणि त्याच वर्षी 'कॉम्प' शाखेतही त्याला मान्यता मिळाली. विषयांतर करणाऱ्याला हाकलण्याऐवजी त्याच्या विषयांतरालाच विषयाचा दर्जा देणे, हा या व्यवस्थेचा सर्वांत सर्जनशील उपाय होता. परिघावरील अनियंत्रित भूमीवाचून तो इतक्या सहज साध्य झाला नसता.

५

याच सुमारास अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या जाळ्यावर स्वीकारार्ह वापराचे जे नियम लागू होते, त्यांतील एक कलम नमुनेदार आहे. संशोधन वा अध्यापनासाठी उपयुक्त अशा नव्या वस्तूंची व सेवांची घोषणा त्याने संमत केली होती. कोणत्याही प्रकारची जाहिरात मात्र निषिद्ध ठरवली होती. घोषणा आणि जाहिरात यांतील सीमारेषा कोठे, हे मात्र नियमाने सांगितलेले नाही. ते वाचकांच्या सामायिक समजेवर सोडलेले होते आणि जोवर वाचक एकमेकांना ओळखत होते तोवर ती समज पुरेशी पडत होती.

सप्टेंबर १९९३ नंतर ही परिस्थिती पालटली. विद्यापीठांचे नवे विद्यार्थी दर सप्टेंबरला येत आणि महिन्याभरात रीत शिकत. आता व्यापारी सेवांमार्फत नवागतांचा अखंड प्रवाह सुरू झाला. १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातील वकील दांपत्य लॉरेन्स कँटर व मार्था सीगल यांनी अमेरिकेच्या ग्रीन कार्ड सोडतीविषयी आपल्या सेवेची जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांत टाकली. एकच लेखन अनेक गटांना जोडण्याची सोय उपलब्ध होती. तसे केल्यास वाचकाला ते एकदाच दिसे. या दोघांनी प्रत्येक गटात स्वतंत्र प्रत टाकली. त्यामुळे पंधरा गट वाचणाऱ्याला तीच जाहिरात पंधरा वेळा दिसली. प्रोग्रामिंगच्या भाषांचे गटही त्यातून सुटले नाहीत. निषेधाचा इतका भडिमार झाला की त्यांना सेवा पुरवणाऱ्या कंपनीने त्यांचे खाते बंद केले. त्यांनी कोणताही कायदा मोडलेला नव्हता, आणि त्याच वर्षी त्यांनी या मार्गाने पैसा कसा मिळवावा यावर पुस्तकही लिहिले.

या घटनेनंतर समूहाने जी व्याख्या केली ती साहित्यविचाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. स्पॅम कशाला म्हणावे, हे आशयावरून ठरवायचे नाही असे ठरले. ब्राइडबार्ट निर्देशांक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापात लेखनाची प्रत्येक प्रत किती गटांना जोडली आहे त्या संख्येचे वर्गमूळ घ्यायचे आणि सर्व प्रतींची बेरीज करायची. पंचेचाळीस दिवसांत ही बेरीज वीसच्या वर गेली तर लेखन रद्द करण्यास योग्य मानले जाई. जाहिरात असो, प्रवचन असो वा सत्कार्याचे आवाहन, मापाला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. वर्गमूळ घेण्यातही एक न्यायबुद्धी आहे, कारण एकदाच अनेक गटांना जोडणाऱ्याला हे माप सौम्यपणे वागवते. मोजण्यात जे टाळले आहे त्यावरून या व्याख्येचे शहाणपण कळते. एकदा आशयाचा न्याय करण्याचा अधिकार कोणाला दिला की अप्रिय मत आणि उपद्रव यांतील भेद टिकणे कठीण, याची जाणीव तिच्यामागे आहे.

तरीही आशयाचे आणि आचाराचे नियम लिहिणे अपरिहार्य झाले. ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅली हॅमब्रिज यांनी संकलित केलेली शिष्टाचाराची मार्गदर्शिका आरएफसी १८५५ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. लिहिण्यापूर्वी एक ते दोन महिने नुसते वाचावे, असे ती सांगते. पत्राच्या शेवटची स्वाक्षरी साधारण चार ओळींहून मोठी नसावी, कारण अनेक जण जोडणीचे पैसे मिनिटागणिक मोजतात. जाहिरातीचे काही ठिकाणी स्वागत होते तर काही ठिकाणी तिचा तिटकारा असतो, तेव्हा वाचक ओळखावा, असेही ती म्हणते. यातील पहिला नियम चौथ्या अनुबंधाशी, म्हणजे अधिकाराशी, निगडित आहे. वाचक होऊन पात्रता मिळवल्यावाचून लेखक होता येत नाही, असा त्याचा अर्थ. स्वाक्षरीच्या चार ओळी म्हणजे या लेखनप्रकाराची नाममुद्रा होय. अभंगात नाममुद्रा रचनेच्या छंदातच बसावी लागते आणि म्हणून तिला आपोआप मर्यादा पडते. येथे छंद नसल्याने ओळी मोजाव्या लागल्या.

हे नियम सर्वांना सारखेच लागू असले तरी त्यांचे पालन सर्वांना सारखेच सुलभ नव्हते. भारतात मुंबईच्या एनसीएसटीसारख्या मोजक्या संस्थांना ऐंशीच्या दशकापासून अर्नेट प्रकल्पाद्वारे जाळ्याची जोडणी होती. सामान्य नागरिकासाठी विदेश संचार निगमची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. म्हणजे मुंबई-पुण्यातील स्वतंत्र प्रोग्रामर या भूमीवर आला तेव्हा तिचे संकेत दुसऱ्यांनी, दुसऱ्या देशांत आणि इंग्रजीत निश्चित करून ठेवलेले होते. महिना-दोन महिने मुकाट्याने वाचण्याची अट विद्यापीठाच्या फुकट जोडणीवर बसलेल्यास जितकी हलकी, तितकी टेलिफोनच्या मीटरवर बसलेल्यास नव्हती. वाचकाचा खर्च वाचवणारा नियम नवागत वाचकाचा खर्च वाढवत होता.

६

एकविसाव्या शतकात वाहतुकीचा खर्च नगण्य झाला. मग विषयनिष्ठेचा आग्रह सैल व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात तो अधिक कठोर झाला, कारण टेलिफोनच्या देयकाची जागा वाचकाच्या अवधानाने घेतली. २००७ मध्ये सुरू झालेल्या हॅकर न्यूजवर स्वतःची कृती दाखवण्यासाठी 'शो एचएन' हा वेगळा प्रकार मान्य झाला. त्याची मुख्य अट अशी की वाचकाला ती वस्तू हाताळून पाहता आली पाहिजे. नुसती नावनोंदणीची पाने वा वाचण्याचे लेख तेथे चालत नाहीत. 'आल्ट.सोर्सेस'चा धर्मच येथे नव्या शब्दांत सांगितलेला आहे.

सप्टेंबर २००८ मध्ये जेफ अ‍ॅटवुड व जोएल स्पोल्स्की यांनी सुरू केलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने अधिक व्यापक व्यवस्था उभारली. स्वतःच्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने त्या वस्तूशी असलेले आपले नाते उघड करावे, असा तेथे दंडक आहे. शास्त्रग्रंथांतील संबंध हा ग्रंथ आणि विषय यांच्यातील होता. येथे बोलणारा आणि बोलण्याचा विषय यांच्यातील नात्याची विचारणा होते. नाते उघड केले की शिफारस दूषित राहत नाही, ही भूमिका आत्मलोपाची खचितच नाही. मात्र त्याच व्यवस्थेने आज्ञावल्या, साधने वा पुस्तके सुचवा असे विचारणारे प्रश्नच विषयबाह्य ठरवले. अशा प्रश्नांवर वैयक्तिक मते आणि जाहिराती गोळा होतात, हे त्यामागील कारण. संभाव्य आत्मप्रसिद्धीला पायबंद घालण्यासाठी जिज्ञासेचा एक संपूर्ण प्रकार बाहेर ठेवण्यात आला. एखाद्या कामासाठी कोणते साधन घ्यावे, हा तर होतकरू प्रोग्रामरचा पहिला आणि सर्वांत प्रामाणिक प्रश्न असतो.

या व्यवस्थेने पत्रातील अभिवादन, आभार आणि स्वाक्षरीही अनावश्यक मानली. प्रत्येक लेखनाखाली लेखकाचे नाव यंत्रच छापते, मग स्वाक्षरी कशाला, असा युक्तिवाद होता. परंतु यंत्र नावासोबत गुणसंख्याही छापते. इतरांच्या लेखनावर टिप्पणी करण्यासाठी पन्नास गुण आणि प्रश्न बंद करण्याचे मत देण्यासाठी तीन हजार गुण, अशी अधिकारांची चढण तीत ठरवून दिलेली होती. स्वतःच्या तोंडाने करावयाची प्रौढी निषिद्ध झाली आणि तिचे काम व्यवस्थेने आपल्याकडे घेतले. स्टॉलमन यांना १९८३ मध्ये स्वतःविषयी जे वाक्य लिहावे लागले, त्याची जागा एका आकड्याने घेतली. आकडा विनयशील दिसतो, कारण तो कोणी उच्चारत नाही; अधिकार मात्र तो अधिक निर्णायकपणे वाटतो. एप्रिल २०१८ मध्ये त्या कंपनीच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे मान्य केले की नवागत, स्त्रिया आणि वंचित समूहांतील अनेकांना ही जागा प्रतिकूल वाटते. नियम वाईट हेतूने केलेले नव्हते. ज्यांनी ते केले त्यांना नवागत असल्याची आठवण उरलेली नव्हती, एवढेच फार तर म्हणता येईल.

७

डिसेंबर २०२२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर बंदी घातली. अशी उत्तरे झटपट तयार होतात, वरकरणी बिनचूक दिसतात आणि पुष्कळदा चुकीची असतात; ती तपासण्याचा भार वाचकांवर पडतो, हे बंदीचे कारण होते. १९८० च्या टेलिफोन-देयकापासून चालत आलेला विषम व्यवहार येथे नव्याने प्रकट झाला. या उत्तरांत आत्मस्तुती नव्हती, विषयांतरही नव्हते. प्रत्येक उत्तर विचारलेल्या प्रश्नाला धरून होते. विषयनिष्ठेच्या आणि निगर्वीपणाच्या सर्व बाह्य कसोट्यांना ते उतरत होते आणि तरीही समूहाने ते नाकारले.

या नकारातून मागचा सारा इतिहास उलगडतो. निगर्वी आणि विषयाला धरून असलेले लेखन एवढीच समूहाची मागणी असती, तर ही उत्तरे आदर्श ठरली असती. समूहाला हवा होता तो लिहिणाऱ्याचा असा 'स्व', ज्याला उलट प्रश्न विचारता येतो आणि चूक निघाली तर जो टॉरवाल्ड्सप्रमाणे दुसऱ्या दिवशी आपले शब्द मागे घेऊ शकतो. शास्त्रकारांच्या चार अनुबंधांत ग्रंथकाराला स्थान नव्हते, कारण त्याच्यामागे गुरुपरंपरा उभी असे. ज्यांच्यामागे अशी परंपरा नाही अशा अनोळखी माणसांच्या संवादभूमीत उत्तरदायी लेखक हा पाचवा अनुबंध आवश्यक झाला.

२२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सने यूजनेटवरील नव्या लेखनाची सोय बंद केली. तेथे येणाऱ्या मजकुराचा मोठा भाग स्पॅमचा झाला आहे, असे त्यामागे एक कारण होते. जुने लेखन मात्र वाचण्यासाठी खुले राहिले. 'कॉम्प.ओएस.मिनिक्स'मधील त्या ऑगस्ट महिन्याची पाने उघडणाऱ्याला आजही एका विद्यार्थ्याचा आपल्या विषयाच्या काठावर उभे राहून केलेला प्रश्न वाचता येतो. त्याला त्या दिवशी विषयबाह्य म्हणून गप्प करता आले असते. तसे करण्याचा अधिकार तेथे कोणाच्याही हाती नव्हता आणि वाचकांपैकी काहींनी त्याच्या प्रश्नाला उत्तरे दिली.